मुद्रा, विशेषण आणि संगणक

छायाचित्रातील चेहरा संगणकाच्या साहाय्याने अधिक ‘विश्वासू’ किंवा अधिक ‘वर्चस्वशाली’ करून दाखविता येतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. तिची सैद्धांतिक बैठक मुख्यतः ऊस्टरहॉफ व टोडोरॉव्ह ह्यांच्या २००८ मधील निबंधात आहे. त्यांनी प्रथम लोकांकडून चेहऱ्यांची मोकळी वर्णने मिळविली, त्यांतून स्वभावदर्शक विशेषणे निवडली, आणि त्या विशेषणांनुसार चेहऱ्यांचे गुणांकन करविले. त्यातून विश्वासार्हता व वर्चस्व असे दोन अक्ष निघाले. पुढे संगणकाने घडविलेल्या ३०० चेहऱ्यांच्या आधारे ह्या अक्षांची प्रतिमाने बांधण्यात आली. २०२२ मध्ये पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा लाखांहून अधिक अभिप्राय व ३४ लक्षणे घेऊन हीच रीत हुबेहूब छायाचित्रासारख्या चेहऱ्यांना लावली.

गणित चोख आहे. शंका येते ती विशेषणांविषयी. मूळ वर्णने इंग्रजीतील होत. मराठी माणसास विचारले असते तर तो ‘सोज्वळ’, ‘बेरकी’, ‘करारी’ असे काही म्हणाला असता. ह्यांपैकी ‘करारी’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. त्यात दरारा आहे, आणि दिलेल्या शब्दास जागण्याचा भरवसाही आहे. म्हणजे जे दोन अक्ष परस्परांस काटकोनात मानले, ते येथे एकाच शब्दात एकवटतात. जोन्स प्रभृतींनी २०२१ मध्ये ४१ देशांत ह्या सिद्धांताची परीक्षा केली. अक्ष परस्परसंबद्ध असू शकतात असे गृहीत धरताच त्याची सार्वत्रिकता उणावली. मात्र तेथेही विशेषणांची यादी मूळचीच, केवळ भाषांतरित होती.

दुसरा मुद्दा व्याकरणाचा. ‘मला हा मनुष्य विश्वासू वाटतो’ ह्या वाक्यातील ‘मला’ हे चतुर्थ्यंत पद पाहणाऱ्यास हजर ठेवते. संगणकाच्या पडद्यावरील पट्टीवर नुसते ‘विश्वासार्हता’ लिहिले की ते पद गळते, आणि पाहणाऱ्याचा ग्रह पाहिल्या जाणाऱ्याचा गुण होऊन बसतो. २०२२ च्या निबंधकारांनी शीर्षकातच हे अभिप्राय ‘वरवरचे’ म्हटले आहेत, हे त्यांच्या सावधपणाचे द्योतक होय. परंतु पट्टी सरकविणारा शीर्षक वाचीत नाही! नोकरीच्या अर्जावरील छायाचित्र ह्या रीतीने पारखले जाऊ लागले, तर गळलेल्या विभक्तीची किंमत अर्जदारास मोजावी लागेल.

‘करारी’ चेहरा ह्या अक्षांवर नेमका कोठे बसतो, हे ठरविण्यास मराठी भाषकांची मोकळी वर्णनेच प्रथम गोळा करावयास हवीत.