एक प्रक्रिया, दोन क्रमांक

'चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेला ऑपरेटिंग सिस्टीम एक स्वतंत्र क्रमांक देते,' असे आपण वर्गात शिकवतो. विधान चुकीचे नाही, अपुरे आहे. एका सिस्टीमवर दुसरीचे आवरण चढले की ते विद्यार्थ्याला चकवते.

मुलाचा हजेरीपटावरचा क्रमांक ७ असतो, जनरल रजिस्टरमधला ४३१२. मूल तेच. पण कार्यालयात जाऊन '७ नंबरचा दाखला द्या' म्हटले तर काय होईल, हे शिक्षकांना सांगायला नको.

विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण उभे करणारे सिगविन १९९५ साली सुरू झाले. त्यातल्या प्रक्रियेला सिगविन आपला क्रमांक देते, खालचे विंडोज आपला. सिगविनची 'पीएस' ही आज्ञा दोन्ही क्रमांक एकाच ओळीत छापते, हे चांगलेच. खटकतात ती रकान्यांची नावे: 'पीआयडी' आणि 'विनपीआयडी'. जणू पहिला क्रमांक सर्वत्र चालणारा आणि दुसरा तेवढा विंडोजचा! पहिल्याला 'सिगपीआयडी' म्हटले असते तर निम्मा घोटाळा टळला असता.

कारण प्रक्रिया बंद करताना सिगविनच्या 'किल'ला सिगविनचा क्रमांक लागतो, तर विंडोजच्या 'टास्ककिल'ला विंडोजचा. उलट दिला, तर नशीब चांगले असल्यास 'अशी प्रक्रिया नाही' असे उत्तर येते. नसल्यास तो क्रमांक असलेली भलतीच प्रक्रिया बंद पडते, आणि कुणाचे तरी न साठवलेले काम गेले! विंडोजचे क्रमांक व्यवहारात ४ च्या पटीत असतात. म्हणून १३५१ दिसला तर तो विंडोजचा नाही, असा अंदाज बांधता येतो. १३५२ बद्दल मात्र काहीच सांगता येत नाही.

लिनक्समध्ये हाच प्रश्न २००८ पासून आला. त्या वर्षीच्या २.६.२४ या आवृत्तीपासून प्रक्रियांचे वेगळे कप्पे करता येऊ लागले. डॉकरचे कंटेनर याच सोयीवर उभे आहेत. कप्प्यातली पहिली प्रक्रिया आत १ क्रमांकाची, बाहेरून पाहता २०८१७ वगैरे. बाहेरच्याला दोन्ही क्रमांक कळू शकतात, आतल्याला फक्त आतला. वर्गातल्या मुलांच्या हाती जनरल रजिस्टर नसते, तसेच. २०१५ पासून '/प्रॉक' मधील त्या प्रक्रियेच्या 'स्टेटस' फाईलमध्ये 'एनएसपीआयडी' ही ओळ बाहेरून आत या क्रमाने सगळे क्रमांक देते. मांडणी नेमकी आहे. पण नेहमीच्या 'पीएस'च्या यादीत ती दिसत नाही. ज्याला ही फाईल ठाऊक नाही, त्याला दुसरा क्रमांक आहे याचाही पत्ता लागत नाही. या एका बाबतीत सिगविनचा साधा तक्ता मला उजवा वाटतो.