‘डिटेक्ट’ची चाळणी

सिस्टेमिक स्क्लेरोसिस हा संयोजी ऊतींचा विकार. त्वचा टणक होते ते डोळ्यांना दिसते. परंतु काही रुग्णांत फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद होऊन त्यांतील दाब वाढतो, ते दिसत नाही. जिना चढताना दम लागू लागेपर्यंत हृदयाची उजवी बाजू बरीच थकलेली असते. खात्रीच्या निदानासाठी मानेतील वा जांघेतील नीलेतून नळी हृदयात सरकवून दाब मोजावा लागतो. ही तपासणी सरसकट सर्वांची कशी करणार? ती कोणाची करावी हे सांगणारी ‘डिटेक्ट’ ही पद्धत २०१४ साली एका संधिवातविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

तिचे श्रेय आधी दिले पाहिजे. ज्यांचा संशय येतो त्यांनाच नळी घातली, तर संशय न आलेल्यांत किती रोगी निसटले हे कळणार कसे? येथे ४६६ रुग्णांपैकी प्रत्येकाची ही तपासणी झाली आणि ८७ जणांत विकार सापडला. पद्धतही सुटसुटीत आहे. श्वसनचाचणीतील एक गुणोत्तर, त्वचेवरील फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, एक प्रतिपिंड, हृदयावरील ताण दाखवणारे एक प्रथिन, युरिक आम्ल आणि ईसीजी अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली तर सोनोग्राफीने हृदय पाहायचे. (युरिक आम्लाचा येथे काय संबंध, असे आम्हांलाही वाटले होते. ऊतींना प्राणवायू कमी पडू लागला की ते रक्तात वाढते.)

या पद्धतीतून ४ टक्के रोगी निसटले. तेव्हाच्या युरोपीय सूचनांनी त्याच रुग्णांतील २९ टक्के निसटले असते. फरक डोळ्यांत भरतो खरा, पण ही तुलना सरळ नाही. ज्या रुग्णांवरून गुण ठरवले, त्यांच्यावरच ते पारखले. वर्गात सोडवलेली उदाहरणेच परीक्षेत घातली तर गुण चांगले पडणारच. जुन्या सूचना त्या वर्गात बसल्या नव्हत्या.

शिवाय कमी निसटण्याची किंमत आहे. जुन्या सूचनांनी ४० टक्के रुग्णांना नळीच्या तपासणीस पाठवले असते, ‘डिटेक्ट’ने ६२ टक्के. त्यांतील सुमारे ३५ टक्क्यांनाच विकार होता. तेही निवडक रुग्णांत: आजार ३ वर्षांहून जुना आणि फुप्फुसांतून रक्तात वायू शिरण्याची क्षमता अपेक्षेच्या ६० टक्क्यांहून कमी.

विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्यावे. ‘डिटेक्ट’ १०० रोग्यांपैकी ९६ ओळखते, पण विकार नसलेल्या १०० पैकी ५२ जणांनाही पुढे पाठवते. समजा, १००० रुग्णांत ५० जणांनाच विकार आहे. ४८ सापडतील, उरलेल्या ९५० पैकी ४९४ जण विनाकारण जातील. म्हणजे पाठवलेल्या ११ जणांत जेमतेम एक रोगी! सौम्य आजाराच्या रुग्णांना मुळात गुणच कमी पडतील, म्हणून प्रत्यक्षात चित्र इतके वाईट नसावे. पण ते मोजल्याशिवाय चाळणी सर्वांना लावणे आम्हांला मान्य नाही.

आणखी एक अडचण नंतर उद्भवली. अभ्यासात विकाराची सीमा २५ मिमी पारा होती. २०१८ च्या नीस येथील जागतिक परिषदेत ती २० वर आणण्याचे सुचवले गेले आणि २०२२ च्या युरोपीय सूचनांनी तेच स्वीकारले. त्यामुळे ‘डिटेक्ट’ने निरोगी धरलेल्यांपैकी काहींची गणना आता रोग्यांत होईल. मग त्या ४ टक्क्यांचा आधार घेऊन एखाद्या रुग्णाला ‘तुम्हांला नळीची गरज नाही’ असे कसे सांगणार?