हिरव्या पाटीमागची राख

लोह्यातल्या एका निबंध स्पर्धेचा मी नुकताच परीक्षक होतो. विषय होता, विजेवर चालणारी वाहने. बहुतेक निबंधांत ‘स्वच्छ’, ‘शुद्ध’, ‘प्रदूषणमुक्त’ हे शब्द होते. ‘राख’ हा शब्द एकाही निबंधात नव्हता. दोष मुलांचा नाही. जाहिराती आणि वर्तमानपत्रे त्यांना हीच भाषा देतात. म्हणून ही समीक्षा निबंधांची नाही, त्या भाषेची आहे.

विजेच्या गाडीला हिरवी नंबरपाटी असते आणि धुराडे नसते, हे खरे. परंतु वीज येते कोठून? देशातील सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशावर तयार होते. आपल्या मराठवाड्यात त्या विजेचे गाव परळी. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख निघते. ती पुण्या-मुंबईला जात नाही. ती दादाहरी वडगावच्या राखतळ्यात साचते, वाऱ्याबरोबर उडते, पिकांवर आणि छातीत बसते. २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. म्हणजे ही वीज दुष्काळी मुलखाचे पाणीही पिते. विजेच्या गाड्यांनी एकूण धूर कमी होतो, हे मी नाकारीत नाही. माझा प्रश्न उरलेल्या धुराच्या वाटणीचा आहे.

ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. गाव शुद्ध राहावे म्हणून घाण आणि ती उचलणारा माणूस, दोघांनाही गावकुसाबाहेर ठेवले गेले. आज शहर शुद्ध होते आहे. गावकूस तेवढे लांब सरकले आहे.

बॅटरीचेही तेच. पुष्कळ ई-रिक्षांत अजून शिशाच्या बॅटऱ्या असतात. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली. पण भंगाराच्या दुकानामागे ती उघड्या हातांनी फोडणारा माणूस कोण असतो, हे आपल्याला विचारावे लागत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते; ते त्याच्याच घरात जाते.

आता चालकाविना धावणाऱ्या मोटारीची भाषा सुरू झाली आहे. रोजगार जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये म्हणाले. लोहा-नांदेड रस्त्यावर कर्जाच्या ऑटोवर पोट भरणाऱ्या पोरांना हे आश्वासन पुरेसे नाही. शिवाय अशी मोटार वाहनतळाचे पैसे वाचवण्यासाठी रिकामीच फिरत राहू शकते. मग रस्ता भरतो आणि वीजही जळते.

याचा अर्थ आपण यंत्राचे शत्रू आहोत असा नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाला उत्तर देताना दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, हे स्पष्ट केले होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना वीज हे त्यांच्याच खात्याचे काम होते आणि वीज स्वस्त व मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह कष्टकऱ्यांच्या मुक्तीसाठी होता. २०२५ च्या राज्य धोरणाने विजेवरच्या खाजगी मोटारीलाही द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. मोटार घेण्याची ऐपत असणाऱ्याला ही सवलत कशासाठी? तोच पैसा एसटीच्या विजेवरच्या गाड्यांना, परळीच्या राखेच्या बंदोबस्ताला आणि बॅटरी फोडणाऱ्याच्या सुरक्षेला का नको?

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी मी विषय सुचवला आहे : ‘शहराची गाडी आणि परळीची राख’.