बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा

बुऱ्हाणपूरला जाणारा माणूस बहुधा मुमताजसाठी जातो. 1631 साली ती इथेच वारली. शाही किल्ल्यातला हमाम बघायचा, तापीच्या घाटावर टेकायचं आणि परतीची गाडी पकडायची, असा बहुतेकांचा बेत असतो. या गावातली सर्वांत देखणी वास्तू मात्र जमिनीच्या पोटात आहे, आणि ती मुक्कामाच्या यादीत सहसा नसते.

वरून पाहिलं तर तिचं काहीच कळत नाही. स्टेशनाकडच्या लालबाग भागात रानातून गोल, बांधीव विहिरींची तोंडं एका ओळीत गेलेली दिसतात. एकीवरून दुसरीला हाक मारावी इतक्या जवळजवळ, शंभराहून अधिक. यांनाच कुंड्या म्हणतात. या कुंड्यांची बुडं एका भुयाराने जोडलेली आहेत आणि ते भुयार सतत वाहतं आहे. 1615 साली, जहांगिराच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानाने हे काम करवून घेतलं. आखणी केली ती तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने. खानखाना म्हणजे दोहेवाला रहीम. पाण्याचं मोल त्याने लिहिलं तसं ते जमिनीखाली बांधूनही ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तापी उशाला असताना हा खटाटोप कशाला? कारण तापी गावाच्या खाली वाहते. तिचं पाणी वर चढवायचं तर माणसं, बैल, मोटा सगळं आलं. आणि दख्खनच्या मोहिमांचं हे ठाणं, लष्कराचा राबता मोठा. सातपुडा मात्र गावाच्या वर आहे. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे निघालेलंच असतं. त्याला वाटेत अडवायचं आणि त्याच्याच ओढीने गावात आणायचं, हा या रचनेचा गाभा. इराणातल्या कनात नावाच्या भुयारी कालव्यांची ही रीत.

इथे एक फरक नीट पाहिला पाहिजे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला, तोही भुयारीच. पण कात्रजला तलाव आहे. नळाचं काम ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोचवण्याचं. बुऱ्हाणपुरात तलाव नाही, बंधारा नाही. भुयार स्वतःच पाणी गोळा करतं. त्याच्या भिंती पाझरतात आणि तो पाझर पुढे वाहत जातो. पाणी गोळा करणारी आणि पाणी वाहून नेणारी जागा एकच, ही कल्पना मला ताजमहालाच्या तोडीची वाटते.

लिफ्ट सुरू असेल तर एका कुंडीतून सुमारे 80 फूट खाली उतरता येतं. खाली पायाशी वाहतं, निवळ पाणी. वाट इतकी अरुंद की दोघांना शेजारी चालता येत नाही. हात टेकावा तर भिंत दगडाची लागत नाही. तिच्यावर चुन्याच्या क्षाराचा पांढरट, पिवळी झाक मारणारा थर चढलेला असतो. कुठे तो लाटांसारखा वळलेला, कुठे दाणेदार. जवळून बघितलं की त्यावर थेंब धरलेले दिसतात. एक थेंब फुगतो, ओघळतो, त्या जागी दुसरा येतो. प्रत्येक थेंब जाताना किंचित क्षार मागे ठेवतो. चारशे वर्षांचं हे नक्षीकाम कुणा कारागिराने केलेलं नाही, पण कारागिराने त्याला जागा करून दिली.

मग डोकं वर जातं. कुंडीच्या तोंडातून उजेडाचा गोल खाली पडलेला असतो. पुढे अंधार, मग पुन्हा उजेड. तालातली सम यावी तसा तो ठरल्या जागी येतो. कुंड्या काही शोभेसाठी काढलेल्या नाहीत. खोदताना माती इथूनच उपसली, कामगारांना हवा इथूनच मिळाली, पुढची दिशाही यांच्यावरूनच धरली गेली. गरजेतून आलेल्या गोष्टीला इतकी लय असावी, हेच या वास्तूचं सौंदर्य.

आणि उतार! तो डोळ्यांना जाणवतही नाही. जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी पडला तर गाळ धरतं. आजची मोजणीयंत्रं नसताना, ओळंबा-पाणसळीच्या कुळातल्या साध्या हत्यारांनी, अंधारात, कुंडीमागून कुंडी तो सांभाळत हे लोक जाली करंज या पाणी जमवण्याच्या जागेपर्यंत पोचले. तिथून पाणी नळांनी गावात खेळवलं.

खानखाना दख्खनमध्ये ज्याच्याशी लढत होता त्या मलिक अंबरने त्याच दशकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर आणली. रणांगणावरच्या या दोघा वैऱ्यांची पाण्याची समज एकाच जातीची होती. खानदेश-मराठवाड्याच्या इतिहासात लढायांची पानं भरपूर आहेत. या दोन कामांना त्या मानाने फार थोडी जागा मिळाली.

2024 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत या भंडाऱ्याचं नाव गेलं, हे चांगलं झालं. पण भुयार जगतं ते सातपुड्यातून येणाऱ्या भूजलावर. हा सगळा पट्टा केळीचा, आणि केळीला पाणी लागतं. वरच्या अंगाला बोअर खोल जात राहिले तर यादीतलं नाव पाझर टिकवू शकणार नाही.

भुसावळहून रेल्वेने तासाभराची वाट आहे. जरूर जा, खाली उतरा, आणि भिंतीवरचा तो थर आठवण म्हणून खरवडून आणू नका.