चरित्रलेखिकेचे चरित्र

सहामाहीच्या वह्या तपासून हातावेगळ्या केल्याशिवाय आम्हां शिक्षकांची दिवाळी सुरू होत नाही. यंदा मी वर्गाला निबंधाचा विषय दिला होता : ‘राष्ट्रकार्यातील एक स्त्री’. बहुतेक मुलींनी झाशीच्या राणीवर लिहिले. एकीने मात्र अवंतिकाबाई गोखले यांची निवड केली होती. मला आनंद वाटला. पण वाचता वाचता एका वाक्याशी अडखळलो. ‘अवंतिकाबाईंनी चंपारणात गांधीजींना मदत केली.’ एवढेच! मी लाल पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली. ते वाक्य माझेच होते. मागल्या वर्षी मीच ते फळ्यावर लिहून दिले होते.

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या नायिकेने दोनशे पानांत कुणाला तरी नुसती ‘मदत’ केली, तर वाचक पुस्तक मिटून टाकील आणि ते योग्यच होईल. काय केले, कसे केले, हे सांगायलाच तर लेखक बसलेला असतो. मग राजकारणात वावरलेल्या स्त्रियांविषयी लिहिताना आमची लेखणी एकाच क्रियापदावर का समाधान मानते? व्याकरणात अशा वाक्याची कर्ता ती स्त्री असते. अर्थाने मात्र कर्ता दुसराच कोणी असतो.

अवंतिकाबाईंचे आयुष्य पाहिले की हा अन्याय जास्तच खटकतो. १८८२ साली इंदूरला त्यांचा जन्म झाला. लग्न लहानपणीच झाले, अक्षरओळख झाली ती नंतर. पुढे शुश्रूषेचे शिक्षण घेऊन त्या मुंबईत सेवाकार्य करू लागल्या. आम्हां कोल्हापूरकरांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. १९१३ साली त्या इचलकरंजीच्या राणीसाहेबांबरोबर विलायतेला गेल्या होत्या. इचलकरंजी म्हणजे आमच्यापासून एस.टी.ने तासाभराची वाट! पण तिथल्या बाजारात आज कुणाला हे नाव विचारून पाहा.

१९१७ साली गांधीजी चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी लिहून घेत होते. शेतकऱ्याने विघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, अशी तिथली सक्ती होती. पण नुसती सक्ती उठून भागणार नाही, खेड्यांत शाळा आणि आरोग्य पोचले पाहिजे, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी स्वयंसेवक मागितले. मुंबईहून अवंतिकाबाई पती बबनराव यांच्यासह निघाल्या. बडहरवा लखनसेन या खेड्यात नोव्हेंबरात पहिली शाळा उघडली, ती या दांपत्याने आणि देवदास गांधींनी चालवली. मुलखाची बोली परकी, वस्ती दरिद्री, घाण आणि रोगराई पाचवीला पुजलेली. अशा ठिकाणी मुले गोळा करून शाळा उभी करणे काय असते, हे शिक्षकालाच कळेल. पुढे आत्मकथेत गांधीजींनी ही शाळा आदर्श ठरल्याचे आणि अवंतिकाबाईंनी तिच्यात जीव ओतल्याचे नमूद केले आहे. ज्याला मदत झाली म्हणायची, त्याने स्वतः ‘मदती’वर भागवले नाही. त्याने काम सांगितले.

आता खरी मौज पाहा. गांधीजींची आत्मकथा १९२५ साली ‘नवजीवन’मध्ये येऊ लागली. त्याच्या सात वर्षे आधी, १९१८ साली, याच बाईंनी मराठीत गांधीजींचे चरित्र प्रसिद्ध केले होते. त्यांच्याविषयी गांधीजींनी लिहिण्यापूर्वी त्यांनीच गांधीजींविषयी लिहिले! चरित्राबरोबर परिचय, लेख आणि व्याख्याने देण्याची या पुस्तकाची योजना मला फार शहाणपणाची वाटते. आपला नायक थोर आहे एवढे सांगून लेखिका थांबत नाही. त्याचे शब्द पुढे ठेवून पारख वाचकावर सोपवते. या पुस्तकाला मर्यादा आहे हे खरे. नायक पन्नाशीच्या आतला. असहकार, मिठाचा सत्याग्रह, ‘चले जाव’ हे सारे अजून व्हायचे होते. हयात माणसाचे चरित्र अपुरेच राहणार. पण जगाने निकाल देण्यापूर्वी आपला निकाल देण्याचे धैर्य त्यात आहे, आणि टीकाकाराने या धैर्याला गुण दिलेच पाहिजेत.

या पुस्तकाला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. हा मोठाच मान. आणि दुर्दैवही तेच. प्रस्तावना टिळकांची, चरित्र गांधींचे. या दोन थोर नावांच्या मध्ये लेखिकेचे नाव दिसेनासे झाले. ग्रंथाचा उल्लेख निघाला की टिळकांच्या प्रस्तावनेचे कौतुक होते; जिने रात्री जागून पाने लिहिली असतील, तिची चौकशी कुणी करीत नाही.

अवंतिकाबाई तिथे थांबल्या नाहीत. मुंबईत १९१८ सालीच त्यांनी हिंद महिला समाज स्थापन केला, १९२३ साली मुंबई महापालिकेत गेलेल्या पहिल्या स्त्री-सभासदांत त्या होत्या, १९३० च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला. १९४९ साली त्या वारल्या. अक्षरे उशिरा गिरवलेल्या स्त्रीने शाळा चालवली, ग्रंथ लिहिला, शहराच्या कारभारात आसन मिळवले. मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला यातून धीर मिळतो, हे कबूल करतो.

त्या मुलीच्या वहीत मी चूक दाखवली नाही. समासात एवढेच लिहिले : ‘काय मदत केली?’ आता सुट्टी संपली की तिचे उत्तर ऐकायचे आहे. पण त्याआधी मला फळ्यावरचे माझे वाक्य बदलावे लागेल.