बर्फ पडतो, पण थंडी वाजत नाही

पांढरं मुखपृष्ठ, त्यावर रक्ताचा ठिपका आणि मलपृष्ठावर अडकलेलं कुटुंब, बंद रस्ते, एक प्रेत. इंग्रजीत येणाऱ्या उत्तर युरोपीय रहस्यकादंबऱ्यांची सध्या अशी रीघ लागली आहे. तीनशे पानं संपतात, चार खून होतात आणि कुणाला साधी सर्दीही होत नाही. फोन बंद पाडणं आणि पोलिसांना उशीर करणं, एवढंच बर्फाचं काम. ते तर क्रिस्तीबाईंनी १९३४ सालीच ओरिएंट एक्स्प्रेस बर्फात रुतवून उरकलं होतं. नेस्बोचा ‘द स्नोमॅन’ एकदा दचकवतो, पुढे नुसता लांबतो.

पीटर होगच्या ‘स्मिला’ची (१९९२) गोष्ट वेगळी. छपराच्या बर्फावरची पावलं वाचून शेजारच्या पोराचा मृत्यू अपघात नाही हे ओळखणारी ती बाई विसरता येत नाही. उत्तरार्धातलं जहाज आणि उल्का मात्र खुशाल विसरा. आर्नाल्दुर इंद्रिदासनचा एर्लेंदूर जन्मभर हरवलेल्या माणसांच्या फायली चाळतो, कारण लहानपणी हिमवादळात धाकट्या भावाचा हात त्याच्या हातून सुटलेला असतो. इथे थंडीनं नात्याला हात घातला आहे.

पण या साऱ्यांहून सरस आहे डॅनियल वुड्रेलची ‘विंटर्स बोन’ (२००६), आणि ती उत्तर युरोपातली नाहीच. मिझुरीतला ओझार्क डोंगराळ प्रदेश. री डॉली सोळा वर्षांची, आईचं डोकं ठिकाणावर नाही, पदरी दोन धाकटे भाऊ. बापानं जामिनासाठी घर आणि रान अडकवलंय आणि तो बेपत्ता आहे. सुरुवातीलाच पलीकडच्या नातलगांच्या झाडांवर हरणाचं मांस टांगलेलं दिसतं. घरात खायला फारसं काही नाही. तरी मागायचं नाही, असं ती भावाला बजावते. त्या टांगलेल्या मांसात अख्खी कादंबरी आहे. थंडीत जगायचं तर भाऊबंद हवेत आणि बापाचं काय झालं हे त्याच भाऊबंदांनी दडवलंय. आपल्या वाचकाला भाऊबंदकी समजावून सांगायची गरज नाही. ज्या बायका तिला मरेस्तोवर मारतात, त्याच पुढे रात्री तिला तळ्यावर नेतात. मृत्यूचा पुरावा म्हणून बापाचे दोन्ही हात करवतीनं कापले जातात, तेव्हा कुठे घर वाचतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ही कसली रहस्यकथा, ही तर सामाजिक कादंबरी! मग रहस्य म्हणजे काय? खुनी कोण हे सांगून शेवटच्या पानावर सगळ्यांनी चहा प्यायचा? इथे ‘बाप कुठे’ या प्रश्नावर पोरांच्या डोक्यावरचं छप्पर अवलंबून आहे. एवढी निकड किती गुप्तहेरांच्या वाट्याला येते? आणि बर्फाळ मुलखात जन्मल्याशिवाय हे जमत नाही, ही सबबही नको. स्टेफ पेनी कॅनडाला न जाता, लंडनच्या ग्रंथालयात बसून ‘द टेंडरनेस ऑफ वुल्व्ह्ज’ लिहिते. १८६७ सालची आई, खुनाचा संशय असलेल्या मुलाच्या मागावर हिमप्रदेशात निघालेली. या कादंबरीला कॉस्टा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. तिथे दर मुक्कामाला शेकोटी पेटवावी लागते आणि आपल्याच पोराबद्दल आपल्याला काय ठाऊक नव्हतं, हे त्या बाईला वाटेत कळत जातं.

ज्या कादंबरीतला बर्फ काढून तिथे मुसळधार पाऊस घातला तरी काही बिघडत नाही, ती हिवाळ्याची कादंबरी नव्हे. दुकानातल्या पांढऱ्या मुखपृष्ठांना ही कसोटी लावून पाहा. निम्मी तिथल्या तिथे परत ठेवाल. आणि एकच पुस्तक घ्यायचं असेल तर ‘विंटर्स बोन’ घ्या, तिच्यावरचा सिनेमा आधी पाहिलेला असला तरी.