दीड हजार तिरंदाज आणि टेलिफोनची तार

'१५०० आर्चर्स ऑन अ २८.८' हा पॉल बेटनर व मार्क टेरानो यांचा लेख २००१ साली प्रसिद्ध झाला. 'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७) हा आठ जणांनी आपापल्या संगणकावरून एकत्र खेळायचा युद्धाचा खेळ. हे संगणक एकमेकांशी कसे जोडले, याची हकिगत खेळ तयार करणाऱ्यांनीच येथे सांगितली आहे. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी लेख जरूर वाचावा; मात्र त्यातला एक दावा पारखून घ्यावा.

शीर्षकातील २८.८ म्हणजे सेकंदाला २८,८०० बिट वाहून नेणारा मोडेम. प्रत्येक तिरंदाजाची जागा व स्थिती कळवायला अवघे आठ बाइट धरले, तरी दीड हजारांचे ९६,००० बिट होतात. एकदा खबर पोचवायलाच तीन सेकंदांहून अधिक वेळ लागेल! लेखकांनी यावर काढलेली युक्ती अशी: तिरंदाजांची माहिती पाठवायचीच नाही, फक्त खेळाडूंच्या आज्ञा पाठवायच्या. त्या आज्ञांवरून प्रत्येक संगणक तीच लढाई आपल्यापुरती घडवतो. आज्ञा दोन फेऱ्यांनंतर अमलात येते, म्हणून ती सर्वत्र पोचायला सवड मिळते.

वर्गात आपण टीसीपी 'भरवशाचा' व यूडीपी 'बेभरवशाचा' असे सांगून पुढे जातो. पण टीसीपीमध्ये एक पॅकेट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची पॅकेट्स खोळंबतात. लेखकांनी यूडीपी निवडला आणि क्रम लावणे, गहाळ पॅकेट ओळखणे व ते पुन्हा पाठवणे ही कामे खेळाच्या प्रोग्रामकडे दिली. भरवसा त्यांनाही हवाच होता. तो कसा मिळवायचा हे त्यांनी कामाची गरज पाहून ठरवले.

लेखाचे खरे मोल त्यातील निरीक्षणांत आणि अडचणींच्या प्रांजळ वर्णनात आहे. पाव सेकंदाचा विलंब खेळाडूंना जाणवलाच नाही. कमीजास्त होणाऱ्या विलंबापेक्षा थोडा मोठा, पण एकसारखा विलंब त्यांना पसंत पडला. उलट, एका संगणकावर हरणाची जागा किंचित जरी वेगळी पडली, तरी काही मिनिटांनी शिकाऱ्याचा नेम चुके आणि दोन संगणकांवरची लढाई वेगवेगळी होई.

सुरक्षिततेबद्दल मात्र लेखक फार आशावादी आहेत. लबाडी केली की संगणकांचा मेळ तुटतो आणि ती पकडली जाते, हे खरे. पण झाकलेला नकाशा चोरून पाहिल्याने मेळ तुटत नाही. अशा गळती पुढे सहज बुजवता आल्या, असे ते म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. सारी लढाई प्रत्येकाच्या संगणकात असल्यावर ती पाहण्याची वाट कायमची बंद कशी होणार? ही या पद्धतीचीच किंमत आहे.

शिवाय ही पद्धत सर्व खेळांना लागू नाही. नेमबाजीच्या खेळात पाव सेकंद थांबून चालत नाही. 'क्वेकवर्ल्ड'मध्ये (१९९६) मध्यवर्ती संगणक निर्णय देतो आणि खेळाडूचा संगणक त्याच्या स्वतःच्या हालचालीचा अंदाज आधीच दाखवतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन गटांना चौकटींचा सारखाच कागद द्या, वेगळे बसवा आणि चिठ्ठ्यांवर त्याच आज्ञा पाठवा. एका गटाची एक चिठ्ठी मुद्दाम गाळा. दहा चालींनंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले, की पुढची चर्चा मुलेच सुरू करतील.